‘लिहून देणार’ कोण? – कर्जखताची भाषा आणि वसुलीची कायदेशीर मर्यादा

मराठी कर्जखताच्या जुन्या मायन्यात दोन्ही पक्ष आरंभीच नावानिशी उभे केलेले असतात : ‘धनको नाम’ अमुक, ‘रिणको नाम’ तमुक. या शब्दांच्या अखेरीचा ओकार मूळचा मराठी नव्हे. संस्कृतातील ‘धनिकः’ या रूपापुढे ‘नाम’ हा शब्द आला म्हणजे संधिनियमाने ‘धनिको नाम’ असे होते. लेखनिकांच्या अनेक पिढ्यांनी हा जोड न सोडवता तसाच उतरविला आणि संधीतला ओकार नामाचा भाग होऊन बसला, असे दिसते. आजच्या कायद्याच्या मराठीतही ‘धनको’ आणि ‘ऋणको’ हेच शब्द रूढ आहेत. ज्यांना त्या मायन्याचा अर्थ कळत होता अशांच्या हातून ही रूपे घडली नसावीत. मायना पाठ असणाऱ्यांच्या हातून ती घडली. कर्जव्यवहाराच्या भाषेचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयोगी ठरते.

पुढील काळातील खतांत ही जोडी मागे पडून ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ ही नवी जोडी पुढे आली. आजही नोंदणी कार्यालयात दाखल होणाऱ्या दस्तऐवजांत हीच जोडी आढळते. एकोणिसाव्या शतकातील कर्जखतांपुरते बोलायचे तर या जोडीत एक विलक्षण विसंगती होती. ‘लिहून देणार’ म्हणजे ऋणको, आणि त्याला बहुधा लिहिता येत नसे. खत मोडीत लिहिणारा कारकून सावकाराच्या पदरचा, निदान त्याच्या ओळखीचा असे. खताचा सारा मजकूर मात्र ऋणकोच्या प्रथमपुरुषात असे : मी इतके रुपये रोख घेतले, ते मला भरून पावले, अमुक मुदतीत व्याजासह फेडीन. मजकुराखाली कुणबी नांगराची आकृती ‘निशाणी’ म्हणून काढी किंवा काढवून घेई. अंगठ्याचा ठसा ही नंतरच्या काळातील रीत होय. व्याकरणातला ‘मी’ एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची, अशी ही रचना होती.

या रचनेचा विचार केवळ भाषिक कुतूहलापुरता राहत नाही. कर्ज असणे आणि ते न्यायालयामार्फत वसूल करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याने पैसे घेतले हे खरे असूनही त्याच्यावर हुकूमनामा होऊ शकत नाही, असे प्रसंग पुष्कळ येतात. उलट, न घेतलेल्या पैशांबद्दल निशाणी उठविली गेल्यामुळे शेत गेले, असे प्रसंगही या प्रदेशाने पाहिले आहेत. महाराष्ट्रातील सावकारीविषयक कायद्याचा गेल्या दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर खतातील ‘मी’ न्यायालयाने कितपत खरा मानावा, या एका प्रश्नाभोवती तो फिरत असल्याचे दिसून येते.

१८५९ साली ब्रिटिश सरकारने मुदतीचा कायदा केला. त्याअन्वये साध्या, नोंदणी न झालेल्या कर्जखतावरील दावा तीन वर्षांच्या आत लावणे आवश्यक झाले. वर्षानुवर्षे व्याज साचू नये आणि जुन्या, पुरावा विस्कटलेल्या कर्जांवर दावे होऊ नयेत, हा हेतू वाजवीच होता. दख्खनच्या खेड्यांत मात्र परिणाम उलटा झाला. तीन वर्षे संपत आली की सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि एकूण रकमेचे नवे खत करून घेई. नव्या खतात ती सारी रक्कम ‘रोख घेतली’ असेच लिहिलेले असे. तीन वर्षांनी पुन्हा तोच प्रकार. पहिल्या खतातील शंभर रुपये तिसऱ्या-चौथ्या खतात अनेक शेकडा झाले, तरी प्रत्येक खत वाचणाऱ्यास जणू त्या दिवशी नव्यानेच रोकड मोजून दिली असे वाटे. न्यायालयासमोर शेवटचे खत येई. त्यामागची खते फाडलेली असत, किंवा निदान दाखवली जात नसत. कर्जदाराच्या रक्षणासाठी घातलेली मुदत चक्रवाढ व्याजाचे घड्याळ बनली.

याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ मध्ये युद्ध संपताच उतरला, आणि जमीनमहसुलाच्या फेरआकारणीने सारा वाढला. या दोन कारणांचा ऊहापोह इतिहासकारांनी पुरेसा केला असल्याने येथे त्याची पुनरुक्ती नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, आणि पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खते, वह्या, रोखे हवाली करा, अशी मागणी होई. ते दिले तर पुष्कळ ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागत नसे. कागद जाळले जात. निरक्षर माणसांनी आपला शत्रू इतका अचूक ओळखावा, ही गोष्ट चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्याही नजरेतून सुटली नाही. आपल्याच नावाने, प्रथमपुरुषात बोलणारा, पण आपला नसलेला असा तो आवाज होता.

आयोगाच्या अहवालानंतर, १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत प्रथम आले. करारविषयक विचारात या कायद्याने जो पालट घडविला, त्याचे महत्त्व अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. शेतकऱ्यावरील दाव्यात न्यायालयाने केवळ हाती असलेले खत वाचून थांबू नये, तर व्यवहाराच्या आरंभापासूनचा सारा इतिहास तपासावा, असे त्याने सांगितले. मधल्या काळात हिशेब मिटविल्याचा किंवा जुने देणे संपवून नवे देणे निर्माण केल्याचा मजकूर कागदात असला, तरी तो या तपासास आडवा येऊ नये, अशी स्पष्ट तरतूद होती. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावयाचे होते आणि चक्रवाढ व्याज धरावयाचे नव्हते. ‘रोख घेतले’ या शब्दांना स्वयंसिद्ध पुरावा न मानण्याची मुभा कायद्याने न्यायाधीशाला दिली, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच ठरविले.

याच कायद्याने गावपातळीवर निबंधक नेमण्याची व्यवस्था केली. शेतकऱ्याचा दस्त या निबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहावयाचा आणि त्याच्या समक्ष त्यावर निशाणी व्हावयाची होती. लेखणी सावकाराच्या कारकुनाकडून काढून त्रयस्थाच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता. भाषेच्या अंगाने पाहता, ‘लिहून देणार’ या शब्दाला वास्तवाच्या थोडे जवळ आणण्याचा सरकारचा तो पहिलाच गंभीर उपक्रम होय. पैसे फेडल्याची लेखी पावती मागण्याचा आणि हिशेबाचा उतारा मिळविण्याचा शेतकऱ्याचा हक्कही त्यात मान्य केला होता.

कायद्यातून पळवाटा निघाल्याच. गहाणखताऐवजी खरेदीखत करून घ्यावयाचे आणि कर्ज फिटल्यास जमीन परत देण्याचा शब्द तोंडी ठेवावयाचा, ही त्यांतली मोठी पळवाट. बोलीत याला ‘मुदतखरेदी’ म्हणत आले आहेत. हा शब्दच व्यवहाराचे खरे स्वरूप उघड करतो, कारण खऱ्या खरेदीला मुदत नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी कायद्यात दुरुस्ती होऊन, दिसायला खरेदी असलेला व्यवहार वस्तुतः गहाण होता, हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची वाट शेतकऱ्याला मिळाली. हाच धागा पुढे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात आला आहे. सावकारीच्या ओघात ताब्यात गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळावी म्हणून ऋणकोला पंधरा वर्षांच्या आतील व्यवहारांबद्दल जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीअंती असा विक्रीदस्त निरर्थक ठरवून मालमत्ता परत करण्याचा आदेश निबंधकाला देता येतो.

या ठिकाणी ‘दामदुप्पट’ या संज्ञेचा विचार अपरिहार्य ठरतो. शब्द देशी वळणाचा आहे, नियम मात्र स्मृतींइतका जुना. रोख कर्जाचे एका वेळी घेतलेले व्याज मुद्दल धरून दुपटीपलीकडे जाऊ नये, असे मनुस्मृतीत सांगितले आहे आणि गौतम धर्मसूत्रातही त्याच आशयाचे वचन आहे. ब्रिटिश अमलातील मुंबईच्या न्यायालयांनी हा नियम हिंदू ऋणकोंच्या बाबतीत चालू ठेवला. या नियमाविषयी सर्वसामान्य समज असा की, दिलेल्या एकूण व्याजाची बेरीज मुद्दलाएवढी झाली की देणे संपले. जुन्या नियमाचा अर्थ तसा नव्हता. कोणत्याही एका वेळी थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नाही, इतकाच तो अर्थ होता. वीस वर्षे नियमाने व्याज भरणाऱ्यास त्याने काहीच संरक्षण मिळत नसे. शिवाय नवे खत झाले आणि व्याज मुद्दलात मिसळले, की दुपटीची मोजणी नव्या आकड्यापासून सुरू होई. नूतनीकरणाच्या पद्धतीने हा प्राचीन नियमही पोखरला होता. मुंबई सावकार कायदा, १९४६ याने ऋणकोच्या धर्माचा विचार न करता, व्याज मुद्दलापलीकडे जाईल असा हुकूमनामा न देण्याचे बंधन न्यायालयावर घातले. २०१४ च्या कायद्याने सावकाराला मुद्दलाहून अधिक रक्कम व्याजापोटी वसूल करण्याचीच मनाई केली.

जाता जाता ‘व्याज’ या शब्दाकडे पाहणे मनोरंजक ठरेल. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ निमित्त, मिष, कपट असा आहे. ऋणको मंडळींना ही व्युत्पत्ती फार आवडेल. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रात ‘व्याजी’ हा शब्द मूळ मापावर किंवा रकमेवर घेतल्या जाणाऱ्या अधिकच्या आकारणीस योजलेला आहे, आणि आजच्या अर्थाची वाट तिकडून आली असणे अधिक संभवनीय होय. ‘मुद्दल’ या शब्दाचे तमिळ ‘मुदल’ आणि कानडी ‘मोदलु’ यांच्याशी असलेले नाते उघड आहे. ‘कर्ज’, ‘मुदत’, ‘तगादा’, ‘जामीन’, ‘फारखत’ हे शब्द फार्सी-अरबीतून आले. मालमत्ता गेलीच तर ‘लिलाव’ होतो, तो शब्द पोर्तुगीजांनी दिला. कर्जाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या राज्यसत्तेचे शब्द उभे आहेत.

आता मुदतीच्या प्रश्नाकडे वळू, कारण आजच्या ग्राहककर्जांच्या संदर्भात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या दिलेल्या रकमेच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत उलटल्यावर लावलेला दावा, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी, न्यायालयाने स्वतः होऊन फेटाळला पाहिजे, असे त्याचे तिसरे कलम सांगते. तथापि प्रतिवादी गैरहजर राहिला तर ही बाब न्यायालयाच्या नजरेस येण्याचा संभव घटतो, आणि एकदा हुकूमनामा झाला की त्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत चालविता येते. समन्स घरी आल्यावर ते न उघडता ठेवून देणाऱ्या कर्जदाराचे नुकसान बहुधा येथे होते.

मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसे झाले, असे मात्र नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ‘बॉम्बे डाइंग’ या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले : मुदतीचा कायदा उपाय बंद करतो, देणे नष्ट करत नाही. यातून व्यवहारात दोन परिणाम निघतात. मुदतबाह्य कर्जाबद्दल धनको पत्र लिहू शकतो, मागणी करू शकतो. आणि ऋणकोने ते स्वखुशीने फेडले तर पैसे परत मागता येत नाहीत. धनकोपाशी उरते ती केवळ मागणी, आणि म्हणूनच त्याचे सारे लक्ष ऋणकोच्या तोंडून, किंबहुना लेखणीतून, एखादे वाक्य मिळविण्याकडे लागते.

त्या वाक्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद हा शुद्ध व्याकरणाचा भेद आहे. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी व सहीनिशी देणे मान्य केले, तर सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. ही झाली पोच. पोच देताना रक्कम अचूक लिहिली नसली, पत्र भलत्यालाच उद्देशून असले, इतकेच नव्हे तर ‘देणार नाही’ असे बजावले असले, तरी पोच ती पोचच. ‘तुमचे पैसे माझ्याकडे आहेत, पण मी ते देणार नाही’ या वाक्यात बोलणाऱ्याच्या दृष्टीने नकार मुख्य असतो. कायद्याच्या दृष्टीने पूर्वार्ध पुरेसा ठरतो. दुसरा प्रकार वचनाचा. मुदत संपून गेल्यावर पोच निरुपयोगी होते. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीचे वचन हा स्वतंत्र, बंधनकारक करार होय. ‘देणे आहे’ हे विधान, ‘देईन’ हे वचन. पहिल्याने जिवंत कर्जाचे आयुष्य वाढते; दुसऱ्याने मेलेले कर्ज उठते.

प्रत्यक्ष वह्यांतील भाषा इतकी सरळ नसते. गुजराती खातेवहीतील ‘बाकी देवा’ यासारख्या नोंदींचा अर्थ काय करावा, हा प्रश्न मुंबईच्या न्यायालयांपुढे एकोणिसाव्या शतकापासून येत राहिला. ती नुसती पोच की त्यात वचन गर्भित? गुजराती ‘देवुं’ हे रूप संस्कृत ‘-तव्य’ प्रत्ययाच्या वंशातले आहे. मराठीत त्याच वंशातले ‘द्यावे’ हे रूप विध्यर्थी झाले आहे, आणि वहीत ज्या जागी गुजराती ‘देवा’ येते तेथे मराठी ‘देणे’ हे धातुसाधित येते. ‘बाकी रुपये ५०० देणे’ या मराठी नोंदीत क्रियापदच नाही. काळ नाही, पुरुष नाही, वचन देणारा कर्ता नाही. ‘देणे’ येथे नाम आहे की क्रिया, हेही वाक्यावरून ठरत नाही. ‘येणे-देणे’ या जोडीत ते निखालस नाम असते. अशा नोंदीतून ‘मी देईन’ हा अर्थ काढावयाचा तर भाषेने न सांगितलेला प्रथमपुरुष आणि भविष्यकाळ वाचकाने पदरचा घालावा लागतो. मुदतबाह्य कर्जाच्या बाबतीत केवळ बाकीची नोंद वचनाच्या तोलाची मानू नये, हा न्यायालयांतील एक प्रबळ प्रवाह भाषाशास्त्राच्या कसोटीवरही योग्य ठरतो. मुदतीतील कर्जाबाबत मात्र भूमिका निराळी आहे. ‘हिरालाल विरुद्ध बडकूलाल’ या १९५३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, विनाशर्त कबुलीतून फेडीचे वचन गर्भित होते आणि तिच्या आधारे दावा चालू शकतो, असे धरले. या दोन भूमिकांत वरवर विसंगती दिसते. वस्तुतः फरक शब्दांचा नसून, ते शब्द उच्चारले गेले त्या घटकेचा आहे.

हाच भेद वचनचिठ्ठी आणि पावती यांच्यातही दिसतो. इतक्या रकमेचा मी ऋणी आहे आणि ती मागताच द्यावयाची आहे, असे लिहिले तर वचनचिठ्ठी होते. केवळ ‘माझ्याकडे तुमचे इतके रुपये येणे आहेत’ असे लिहिले तर होत नाही. फरक बारीक असला तरी परिणाम मोठा आहे, कारण पुरेशा मुद्रांकाशिवाय केलेली वचनचिठ्ठी पुढे दंड भरूनही पुराव्यात घेता येत नाही. इतर बहुतेक दस्तांना ती सवलत आहे. नुसत्या वहीच्या नोंदीचेही तसेच आहे. नियमाने ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात येते, परंतु एकट्या तिच्यावरून कोणावरही देणे लादता येत नाही. हा जुन्या पुरावा कायद्यातील नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कायम राखला आहे. धनकोचा संगणकातील उतारा म्हणजे कर्जाचा निर्णायक पुरावा, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते. मूळ करार कोठे आहे, रक्कम कोणत्या दिवशी दिली, हप्ते कोणते जमा झाले, दंड आणि आकार कशाच्या आधारे लावले, हे लेखी मागणे हा ऋणकोचा उद्धटपणा नव्हे. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जो तपास करावयास सांगितला होता, तोच तपास ऋणको स्वतः करीत असतो.

आजच्या काळात पोच कशाला म्हणावे, हाही प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. ई-मेलमधील कबुली ही सहीची लेखी पोच मानण्याकडे काही उच्च न्यायालयांचा कल दिसतो. तगाद्याला कंटाळून ‘पुढच्या महिन्यात बघतो, सगळे देऊन टाकतो’ असे उत्तर पाठविणारा मनुष्य आपण दस्त करीत आहोत असे समजत नाही. बोलीतील ‘देऊन टाकतो’ हे वर्तमानकाळी रूप भविष्यकाळाचे आणि पुष्कळदा निव्वळ सुटकेचे काम करते. ते वचन म्हणून वाचले जाईल याची त्याला कल्पना नसते. थोडी रक्कम ‘सद्भावनेपोटी’ भरून घेण्याच्या आग्रहामागेही हाच हेतू असू शकतो, कारण मुदतीच्या आत केलेल्या अंशतः फेडीची ऋणकोच्या हस्ताक्षरातील किंवा सहीची नोंद असली की मुदत नव्याने धावू लागते. नूतनीकरणाचे खत करून घेणारा १८६० च्या सुमाराचा सावकार आणि ‘तडजोडपत्रा’वर सही मागणारा आजचा वसुली प्रतिनिधी यांच्यात या बाबतीत फारसे अंतर नाही.

धनको कोण, हेही पाहावे लागते. परवान्याविना सावकारी करणाऱ्यास १९४६ च्या आणि नंतर २०१४ च्या कायद्याने न्यायालयाचे दार बंद केले आहे. अशा धनकोच्या बाजूने हुकूमनामा होत नाही. १९४६ च्या कायद्याने सावकारावर घातलेल्या कर्तव्यांत एक भाषाविषयक कर्तव्यही होते : कर्ज दिल्यापासून सात दिवसांच्या आत रक्कम, तारीख, तारण आणि व्याजाचा दर स्पष्ट शब्दांत, मान्य भाषेत लिहिलेले विवरण ऋणकोस द्यावयाचे. खरी रक्कम न दाखविणारा किंवा कोऱ्या जागा ठेवलेला दस्त करून घेण्यासही मनाई होती. बँका आणि रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तसंस्था या सावकारी कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात, परंतु भाषेचे कर्तव्य तेथेही निराळ्या वाटेने आले आहे. किरकोळ कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक ऋणकोला समजणाऱ्या भाषेत द्यावे आणि त्याचा आशय त्याला समजावून सांगितल्याची पोच घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून नव्या कर्जांना ते लागू केले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गावनिबंधकाचे काम येथे एका छापील पत्रकावर सोपविले आहे. पत्रकावरील सही हीच पुन्हा ‘मला समजले’ या प्रथमपुरुषी वाक्याखालची निशाणी असते, हा भाग वेगळा.

तगाद्याच्या रीतीविषयी थोडेच सांगणे पुरे. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसून ‘धरणे’ धरीत असे; १८६० च्या दंडसंहितेने दैवी कोपाचा धाक घालणारे असे धरणे गुन्ह्याचे उदाहरण म्हणूनच दिले होते. पुढे तो शब्द राजकीय निषेधाकडे गेला आणि धनकोच्या हाती दूरध्वनी आला. कर्जदाराला सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. ‘उद्या अटक होईल’ ही तगाद्यातील नेहमीची धमकी मात्र कायद्याला धरून नसते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीसुद्धा केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून तुरुंगात धाडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ‘जॉली जॉर्ज वर्गीस’ खटल्यात सांगितले. जप्ती झाली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे न करावयाचे दागिने वगळलेले आहेत.

कर्जव्यवहारातील एक कागद मात्र असा आहे की, ज्यात भूमिका उलटतात. देणे फिटल्यावर होणाऱ्या भरपाईच्या किंवा फारखतीच्या लेखात ‘लिहून देणार’ धनको असतो आणि ‘लिहून घेणार’ ऋणको. ‘पावलो’ हा प्रथमपुरुष तेथे खरोखरच लिहिणाऱ्याचा असतो. हाच कागद मिळविण्यास ऋणकोला सर्वांत अधिक खेटे घालावे लागत आले आहेत. जुनी खते परत न मिळाल्याने फिटलेल्या कर्जावर पुन्हा दावे लागल्याच्या तक्रारी दख्खनमध्ये दंग्यांपूर्वीपासून होत्या. १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने बँका व वित्तसंस्थांवर असे बंधन घातले की, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत मालमत्तेचे मूळ दस्तऐवज ऋणकोला परत करावेत, आणि दिरंगाई धनकोची असल्यास उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे दस्तऐवज परत करावयाचे झाले, अशा सर्व कर्जांना हा आदेश लागू करण्यात आला.